ताटातलं मीठ

पुष्कर हॉलवर आला होता फक्त माईक पोचवायला. जगदेवराव नाटक बसवत होते. त्यांनी त्याची उंची बघितली आणि तिथंच धरला. "तू आमचा मुन्शी!"

नाटक अठराशे अठ्ठावनचं. ग्वाल्हेर इंग्रजांच्या ताब्यात, आणि मुरार छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यात मोलकरीण बनून शिरलेली मराठी हेर... म्हणजे विनिता. मुन्शी साहेबाचा खास माणूस. ती त्याला ताट वाढते आणि मराठी सवयीनं मीठ, लिंबू, चटणी डावीकडे ठेवते. इकडच्या घरांत असं कोण वाढतं? बस, तो ओळखतो, मनगट धरतो, शिपायांना हाक मारतो.

पण पुष्करला ओळखू येईल तर ना! ग्वाल्हेरातल्याच हरिशंकरपुरममधल्या त्याच्या मराठी घरात जन्मभर असंच ताट समोर आलेलं. तो आपला मजेत जेवायला बसला.

"अरे, तू दुश्मनाचा माणूस आहेस," जगदेवराव कडाडले, "जावई नाहीस!"

सगळे खदखदले. विनिता कानापर्यंत लाल.

मग रोजच तो चुकायला लागला. आता मुद्दाम.

"मुन्शीजी, कभी तो पकडो," ती डोळे मिचकावायची.

"डर लगता है यार. तू खरंच कुठं गेलीस तर..."

आणि तो पुन्हा ताटावर वाकायचा.

रंगीत तालमीच्या दिवशी चहा पिताना तीच म्हणाली, "रविवारी इंदूरची मंडळी येतायत. मला बघायला. घरी सगळ्यांना पसंत आहे."

"आणि तुला?"

"मला कोणी विचारलंय का?" ती त्याच्याकडेच बघत होती. त्यानं नजर कपात खुपसली. ती उठून गेली.

प्रवेश सुरू झाला. तिनं ताट ठेवलं — त्याच्याकडे न बघता. पुष्करनं मनगट धरलं. आज बरोबर वेळेवर. पण हाक येईना.

"ओरड ना," ती पुटपुटली. आवाज ओला होता.

"ओरडलो तर तुला घेऊन जातील."

"संवाद!" जगदेवराव ओरडले.

पुष्कर वळला. "ही कुठं नाही जाणार. ही... माझ्याबरोबर आहे."

जगदेवरावांनी कपाळावर हात मारला. "अरे, मग दुसरा अंक कसा होणार?"

"हे मुन्शी बोलतोय," विनितानं हळूच विचारलं, "की तू?"

"मी. उद्या आईला घेऊन तुमच्याकडे येतो. येऊ?"

"उद्या नको."

त्याचा चेहरा पडला.

"उद्या बाबा गावाला जातायत," ती म्हणाली. "आजच चल ना."