तक्रार न करणारी आळी

सकाळी दार उघडून मोरेश्वर करडे यांनी पायरीखाली काठी टेकवली, तोच समोरच्या ओट्यावरून ओरडा आला. "अण्णा, पाऊल मागे घ्या! आज आपली आळी हिरवी झालीय!"

अण्णांनी पाऊल मागे घेतलं. त्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर वाऱ्याचा झोत आला. काहीतरी मोठं आणि जड अगदी जवळून गेलं होतं, पण त्याचा आवाज मात्र आलाच नव्हता.

"ट्रक होता," समोरचा बाळू पिंपळे म्हणाला. "मागे रांग लागलीय नुसती."

तांबट आळीचा रस्ता नगरपालिकेने मागच्याच वर्षी 'रंगडांबरा'चा केला होता. या डांबरात मिसळलेल्या बारीक कणांतून हलका वीजप्रवाह सोडला की त्यांचा रंग बदलतो. पिवळ्या पट्ट्यावर गाडी उभी करायची. तांबड्या रस्त्यावर फक्त तिथल्या रहिवाशांनी यायचं. हिरवा रस्ता सगळ्यांना मोकळा. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या हे रंग स्वतःच वाचतात आणि वळतात. कोणत्या रस्त्याला कोणता रंग द्यायचा, हे रोज पहाटे 'समतोल' नावाची संगणक-यंत्रणा ठरवते. गावाला ती आवडली होती, कारण पार्किंगसाठी नगरसेवकाच्या दारात भांडायला जावं लागत नव्हतं.

अण्णांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी ते रोज एकटे आळीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या दुकानात जात. वाटेत दोन्ही बाजूंना तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत असत. पिंपळ्यांचा हंडा घुमला की समजायचं, आपण नळापाशी पोचलो. वडक्यांची परात किणकिणली की उजवीकडे सरकायचं. दुकानात बसून ते घागरी मठारत, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी त्यांचा पत्रा घट्ट करत. त्या कामाला डोळे लागत नाहीत. कान आणि बोटं लागतात. पण या गाड्या आवाजच करत नव्हत्या. त्यांना चुकवायचं कसं?

तो दिवस अण्णांनी घरात काढला. दुसराही. बसत, उठत, दारापर्यंत जात, चौकट चाचपून परत येत. सून रेवती म्हणाली, "मी हात धरून सोडते ना दुकानात."

"सोडशील गं. पण मग मी गेलो असं होत नाही, तू नेलंस असं होतं."

तिसऱ्या दिवशी मात्र ते रेवतीबरोबर नगरपालिकेत गेले. वाहतूक विभागात भाग्यश्री घुले नावाची तरुण अभियंता होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"यंत्रणेत बिघाड नाहीये, आजोबा. गाड्या काही हवेत विरत नाहीत. एका रस्त्यावरून काढल्या की दुसऱ्या रस्त्यावर जाणारच. पाणी उताराकडे जातं, तशा समतोल त्यांना कमी तक्रारींकडे सोडतो. आणि तुमच्या आळीतून आजवर एकही तक्रार आलेली नाही. त्याच्या हिशेबाने तुम्ही गावातली सगळ्यात सुखी माणसं."

"सुखी?" रेवती उसळली. "परवा स्कूटर लावण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती!"

"मग कळवलं का नाही?"

रेवतीने सासऱ्यांकडे पाहिलं. आळीत काहीही बिनसलं की दोन्ही बाजूंनी अण्णांच्या दुकानात यायचं, चहा प्यायचा आणि मिटल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीत होती. आळीतलं आळीत संपवायचं, बाहेर न्यायचं नाही. हा नियम अण्णांनीच घातला होता, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान होता!

"म्हणजे आम्ही भांडणं मिटवत बसलो, म्हणून ट्रक आमच्या दारात?" अण्णांनी विचारलं.

घुले म्हणाली, "तसंच म्हणायचं. पण आज संध्याकाळपर्यंत आळीतल्या झाडून सगळ्या घरांनी फोनवरून, आपापल्या रहिवासी-खात्यातून तक्रार केली, तर उद्या आळी तांबडी होईल. एकही घर सुटता कामा नये."

"आणि मग ट्रक कुठे जातील?"

तिने पडद्यावर बोट फिरवलं. "मागच्या गोदाम गल्लीत. तिथे कोणी राहत नाही. गोदामं आहेत आणि एक बालवाडी. गोदामं तक्रार करत नाहीत."

"आणि पोरं?"

"पोरांचं खातं नसतं, आजोबा."

दुपारी आळीभर फोन बाहेर निघाले. बाळू सगळ्यांना बजावत फिरत होता, "भाषा जरा कडक ठेवा रे! सुखी माणसांसारखं लिहू नका!" संध्याकाळ व्हायच्या आत फक्त करड्यांचं घर राहिलं.

"अण्णा, लोक खोळंबलेत," रेवती म्हणाली. "पाठवू ना?"

"आधी मला गोदाम गल्लीत घेऊन चल."

या वेळी त्यांनी तिचा हात धरला.

बालवाडीची खोली लहान होती, म्हणून मुलं रस्त्यावरच खेळत होती. कोणीतरी येऊन अण्णांच्या पायांवर आदळलं आणि खिदळत पळालं. दुसऱ्याने त्यांची काठी ओढली. मुलांना सांभाळणाऱ्या सेविकाबाई धावत आल्या.

"बाई, इथून उद्या ट्रक जायला लागले तर तुम्ही तक्रार कराल?" अण्णांनी विचारलं.

"मी कशी करणार? मी राहते पलीकडच्या वस्तीत. पोरंही तिकडचीच. इथले रहिवासी नाही ना आम्ही."

अण्णा कडेच्या कट्ट्यावर बसले. रेवतीचा फोन वाजला. बाळू होता. तिने तो बंद केला.

"लिही," अण्णा म्हणाले. "सगळ्या गल्ल्यांना पाळी लावा. मुलं खेळतात तेव्हा इथे नको. मी दुकानात जातो-येतो तेव्हा आमच्याकडे नको. बाकीच्या वेळी आम्हीही सोसू, दुसऱ्यांनीही सोसावं."

रेवतीने लिहून पाठवलं. लगेच फोनमधून गोड, संथ आवाज आला. "आपले म्हणणे समजले नाही. आपल्या गल्लीत वाहतूक हवी आहे की नको? कृपया एवढेच सांगा."

तिने तेच पुन्हा पाठवलं, सोप्या शब्दांत. पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न.

"अण्णा, वेळ संपत आली. काय सांगू?"

काठी ओढणारं मूल परत आलं होतं. अण्णांनी ती त्याच्या हातात राहू दिली.

"'नको' म्हटलं तर ट्रक या पोरांत येणार," ते म्हणाले. "आणि 'हवी' म्हटलं, तर ते यंत्र एकदा तरी मला विचारेल का गं, की मग उद्या तुम्ही दुकानात जाणार कसे?"