मंगलवहिनींच्या नावाची चिठ्ठी

लाडवांचा डबा जावेच्या दारात ठेवताना इंदिरेचं काळीज असं धडधडत होतं, की जणू ती द्यायला नाही, चोरायलाच आली होती! वय एकसष्ट, गुडघे दुखरे, आणि सकाळी सहाला, लोणावळ्याच्या बोचऱ्या थंडीत, थोरल्या जावेच्या उंबऱ्यापाशी ओणवं व्हायचं... का? तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये चिठ्ठ्या वाटल्या होत्या. "ज्याचं नाव निघेल, त्याच्यावर नाताळपर्यंत रोज गुपचूप प्रेम करायचं. देवानं आपल्यावर असंच केलं, लायकी न बघता!" इंदिरेनं चिठ्ठी उघडली, तर आत ठसठशीत अक्षरात... मंगल!

"अहो, बदला ना माझ्याशी," ती नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. पण चिंतामणरावांना पाळकसाहेबांचंच नाव आलं होतं, ते कसले सोडतात! "प्रभूची इच्छा," म्हणत त्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं दोघी जावा एकाच घरात राहत होत्या, व्हरांड्यात मध्ये पत्र्याचं पार्टिशन, आणि बोलणं बंद. त्याआधी सासूबाईंची रक्तातली साखर वाढलेली, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. दोन वर्षं इंदिरेनं त्या माउलीचं सगळं अंथरुणात केलं, रागावून, विनवून पथ्य सांभाळलं, आणि मंगलवहिनी दुपारी 'जरा बघून येते' म्हणून यायच्या त्या पदराखालून करंज्या घेऊन! उशीखालचा चुरा रोज संध्याकाळी इंदिराच झाडून टाकायची. भावाभावांत वितुष्ट नको, म्हणून बोलली नाही. आणि सासूबाई गेल्यावर भरल्या प्रार्थनासभेत मंगलवहिनींनीच हंबरडा फोडला, "हिनं माझ्या आईंना उपाशी मारलं हो!" तेव्हाही ती मुकी राहिली... पण ते वाक्य तिच्या अंतःकरणात अजून सलत होतं. वहिनींनी ते आपल्या तोंडानं मागं घ्यावं, याखेरीज तिला या जगात काहीही नको होतं.

आणि आता त्याच बाईवर प्रेम करायचं! पहिल्या दिवशी लाडू ठेवले ते नाइलाजानं. दुपारी पार्टिशनपलीकडून खणखणीत आवाज आला, "कुणीतरी देवमाणूस आहे गं बाई या गावात! शेजारपाजारच्यांना नाही कधी सुचायचं!" इंदिरेच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी, "तूप जरा कमी चाललं असतं!" तिसऱ्या दिवशी, "अनारसे खाऊन किती वर्षं झाली रे परमेश्वरा!" झालं! कामशेतहून जुना तांदूळ मागवला, तीन दिवस भिजवला, कुटला, आणि अनारसे तळताना इंदिरेनं स्वतःलाच शिव्या घातल्या.

"आम्हाला एखादा?" चिंतामणरावांनी हात पुढे केला.

"हात लावाल तर बघा! मोजून अकरा आहेत!"

थोरले भाऊजी वारल्यापासून पलीकडे वहिनी एकट्याच होत्या. एका सकाळी त्यांचा नेहमीचा खोकला ऐकू आला नाही, तर ही आपली पार्टिशनला कान लावून उभी! पाच मिनिटं... दहा मिनिटं... आणि खोकला आला, तेव्हा "देवा, तुझे उपकार!" असं तिच्या तोंडून निघूनच गेलं. मग तिला स्वतःचाच फार राग आला.

नाताळच्या सकाळी मात्र तिनं करंज्या नेल्या. वहिनींनी महिनाभरात सगळं सुनावून मागितलं होतं, करंज्या तेवढ्या कधी मागितल्या नव्हत्या. डबा टेकवते न टेकवते तोच दार उघडलं.

"आत ये," मंगलवहिनी म्हणाल्या. "रोज चोरासारखी येतेस. ऊठ, गुडघे धरतील."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून! लाडवात एवढी वेलची दुसरं कोण ओततं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी आली असतीस का तू?" वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं, आणि त्या मटकन खालीच बसल्या. "इंदिरे... आईंना गोड मीच घालत होते गं! माझ्यामुळेच गेल्या असं वाटलं... ते पाप मला पेलेना, म्हणून तुझ्यावर टाकलं!"

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? आणि तरी माझ्यासाठी अनारसे?"

"चिठ्ठी निघाली होती ना तुमची!" इंदिरा रडता रडता हसली. "आठ दिवस चिठ्ठीमुळे केलं. पुढचं कशामुळे, ते त्या प्रभूलाच ठाऊक... आणि वहिनी, आई तुमच्यामुळे नाही गेल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या हो!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या, की चर्चला पोहोचायला उशीर झाला. सगळ्यांसमोर देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली तशा मंगलवहिनी उभ्या राहिल्या. इंदिरेनं घाबरून त्यांचा पदर ओढला.

"बसा हो वहिनी! मला सांगितलंत, तेवढं पुरे!" आणि खरोखरच पुरे होतं.

"सोड पदर! भरल्या सभेत बोलले होते, भरल्या सभेतच मागं घेणार!"

आणि त्यांनी सगळं सांगितलं, करंज्यांसकट, हुंदके देत देत. इंदिरेनं पदर काही सोडला नाही; त्याच पदरात तोंड खुपसून ती ढसाढसा रडली.