पारावरचं वळण

मे महिन्यातल्या एका मंगळवारी जेवणं उरकून प्राची चाचणीला निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात डॅम्परशिवाय दुसरं काही नव्हतं. शनिवारी मोटारशर्यतीची रॅली होती. गाडीला चारही चाकांना धक्के झेलणारे नवे डॅम्पर बसवले होते आणि खडबडीत मातीवर ते कसे वागतात, हे एकदा बघून घ्यायचं होतं. पुढे जीपमध्ये ती, अमृत आणि बाळासाहेब, मागे ट्रेलरवर ताडपत्रीखाली गाडी. मंचर मागे पडलं, घोडेगाव मागे पडलं. बटाट्याची रानं संपली आणि डोंगर जवळ यायला लागले.

प्राची पिंपळवंडीची. वडिलांच्या ट्रॅक्टरवर स्टिअरिंग धरायला शिकली, अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, आणि गेली सहा वर्षं रॅलीत गाडी चालवणं हाच तिचा धंदा. अमृत तिचा वर्गमित्र, आता तिचा मेकॅनिक. गाडीचा एकेक नट त्याच्या हाताखालून गेलेला. बाळासाहेब टीमचे मालक. माणूस तोंडाचा फटकळ, पण पाच वर्षं त्यांनी तिच्यावर विश्वास टाकला होता. तो विश्वास गेल्या नोव्हेंबरपासून डळमळला. एका वळणावर प्राचीची गाडी उलटली. तिला खरचटलंही नाही, पण शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारी आरती अजून काठी घेऊन चालते. तेव्हापासून वळण आलं की प्राचीचा पाय ॲक्सिलरेटरवरून जरा लवकरच उचलला जायचा. हे तिला कळत होतं. घड्याळालाही कळत होतं.

"पाच मिनिटांच्या आत आलीस तर शनिवारी गाडी तुझी," बाळासाहेब जीपमध्ये म्हणाले. "नाय आलीस तर सांगलीचा एक जण तयार हाय. मी आधीच सांगतो, मागनं रडायचं नाय."

प्राचीनं मान डोलावली.

चाचणीची जागा धरणाच्या पोटात होती. पाणी त्या दिवसांत पार तळाला गेलं होतं. पाण्याखाली बुडालेली जुनी सडक उघडी पडली होती. काठावर अमृतनं तंबू ठोकला, तिथून ती सडक उतरत उतरत अडीच किलोमीटर खाली जायची. दोन्ही बाजूंना भेगाळलेला गाळ, मध्येच बुडालेल्या गावातल्या घरांची जोती, एक उखळ. शेवटी दगडी पार, त्यावर पिंपळाचा काळा पडलेला बुंधा, आणि पलीकडे हिरवट पाणी. पारापुढं जागा सपाट होती. तिथे वळायचं आणि परत वर.

निघण्याआधी अमृतनं गाडी वजनकाट्यांवर चढवली. चार चाकांखाली चार काटे, बेरीज लॅपटॉपवर. आत प्राची, शेजारच्या सीटवर आरतीच्या वजनाची वाळूची पोती पट्ट्यांनी आवळलेली. मागे सीट नाहीच. नुसते लोखंडी पाइप आणि दोन जादा चाकं. आकडा आला बाराशे चाळीस.

तेवढ्यात एक म्हातारी शेरडं हाकत तिथे आली. काळीसावळी, काटक, कासोट्याचं लुगडं. तिनं गाडीच्या मागच्या काचेला हात लावून आत डोकावलं.

"किती माणसं बसत्यात ह्यात?"

"दोनच, आजी," प्राची म्हणाली.

"दोनच व्हय…" म्हातारी पुटपुटली आणि शेरडांमागे निघून गेली.

पहिली फेरी बरी झाली. पाच मिनिटं नऊ सेकंद. डॅम्पर छान बसले होते, खड्डे पोटात घेत होते. दुसऱ्या फेरीत प्राची पारापाशी आली, हँडब्रेक ओढला, गाडी गर्रकन फिरली आणि क्षणभर जागच्या जागी थांबली. त्या क्षणी मागची बाजू हलकेच खाली गेली. आपण गाडीत बसलेलो असताना मागून कुणी चढून बसावं, तशी.

प्राचीनं गिअर टाकला. चढाला गाडी मागे ओढत होती, वळणावर शेपूट आधी सुटत होतं. पाच मिनिटं एकवीस सेकंद.

"मागून जड झालीये," तिनं हेल्मेट काढता काढता सांगितलं.

"गाडी जड झालीय का मन?" बाळासाहेब म्हणाले.

अमृत मात्र तिला ओळखून होता. मुठीएवढा दगड गाडीत राहिला तरी प्राचीच्या पाठीला तो कळतो, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं गाडी काट्यांवर घेतली.

बाराशे शहाण्णव.

"पेट्रोल जळलंय. उलट कमी भरायला पाहिजे," तो म्हणाला. खाली आडवा होऊन त्यानं गाळ अडकलाय का पाहिलं. खाली धूळ होती, नुसती कोरडी धूळ. त्यानं मागचं दार उघडलं आणि लगेच तोंड वळवलं. आतून वास येत होता. पाण्यात भिजून दिवसेंदिवस पडून राहिलेल्या घोंगडीचा वास. आणि मे महिन्यातल्या त्या रणरणत्या उन्हात आतले पाइप हाताला गार लागत होते.

"काटा तापलाय," बाळासाहेबांनी निकाल दिला. "जा, अजून एक मार."

तिसऱ्या फेरीत प्राचीनं पारापाशी वेळ घालवायचा नाही असं ठरवलं होतं. पण वळायचं म्हटलं की वेग शून्यावर येतोच, निदान श्वासभर. त्या श्वासभरात गाडी पुन्हा बसली. वर येताना तिच्या मानेवर कुणीतरी थंडगार श्वास सोडत असल्यासारखं वाटत होतं. हेल्मेट आणि कॉलर ह्यांच्यामधली दोन बोटांची उघडी जागा, तेवढीच ओलसर झाली होती. आरसा डोळ्यांसमोर होता. तिनं त्यात पाहिलं नाही.

पाच मिनिटं बेचाळीस. काट्यावर तेराशे एकसष्ट.

अमृतनं गाडी बाजूला घेतली आणि स्वतः एकेका काट्यावर उभा राहिला. चारी काट्यांवर बहात्तर. त्याचं वजन बहात्तरच होतं. तो काट्यावरून उतरला आणि कपाळ पुसत तसाच उभा राहिला. बाळासाहेबांनी हातातलं घड्याळ मात्र सोडलं नाही.

उन्हं कलली होती. म्हातारी शेरडं घेऊन परत फिरली, ती तंबूपाशी थबकली. बायडाबाई तिचं नाव. वरच्या नव्या गावठाणात राहायची.

"पारापशी थांबती का गं तुजी गाडी?" तिनं प्राचीला हळूच विचारलं.

"थांबत नाही, आजी. वळते फक्त."

"वळताना हळू व्हती न्हवं?"

"होते."

"मंग तेवढं पुरं."

प्राचीच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "कुणाला पुरं?"

बायडाबाई खाली टेकली. "पाणी चढाया लागलं तवा आमी समदी टेम्पोतनं वर आलो. चार खेपा झाल्या. भिकाच्या घरची तेवढी ऱ्हायली व्हती. पारावर बसली व्हती गठुडी घिऊन. टेम्पोवाला म्हनला, ह्यो आलो. आला न्हाई."

"मग?"

"राती लई पाऊस झाला," बायडाबाई पाण्याकडे बघत म्हणाली.

"हे मला कशाला सांगताय, आजी?"

"तू त्यास्नी वर आनती, आन् हितंच थांबती. हितं काय हाय त्यांचं? घरं वर हायेत." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि चढाला लागली.

बाळासाहेब घसा खाकरून म्हणाले, "शेवटची फेरी. पाच मिनिटं. बघ, जमतंय का."

नको म्हणायला प्राचीला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला की सांगलीचा ड्रायव्हर येणार, आणि ती भ्याली म्हणूनच आला असं आयुष्यभर ऐकावं लागणार. शिवाय आता एक गोष्ट तिला कळून चुकली होती. गाडी इथे उभी होती, आणि रिकामी नव्हती.

तिनं हेल्मेट चढवलं.

खाली जाताना तिनं जीव तोडून गाडी हाणली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा एकाही वळणाला पाय उचलला नाही. पार दिसला. हँडब्रेक ओढला, गाडी फिरली, गाळाची धूळ उडाली… आणि इंजिन बंद पडलं.

शांतता पसरली. एवढी, की तापलेलं लोखंड टिकटिकतं तेही ऐकू येत होतं. धूळ हळूहळू खाली बसत होती. प्राचीनं बटण दाबलं. इंजिन खोकलं, थांबलं. काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. भिजल्या घोंगडीचा वास नाकातोंडात शिरला. मग गाडी खाली बसली… एकदा. थोड्या वेळानं आणखी एकदा. पत्र्यावर कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टप… टप… सीटच्या मागे कुणीतरी अंग चोरून दुसऱ्याला जागा करून देत होतं. कापड कापडाला घासल्याचा तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

मग एक बाप्यामाणूस बोलला. दबक्या, थकलेल्या आवाजात. तिच्याशी नव्हे, आपल्या माणसांशी.

"बसली का समदी?"

"व्हय…" बाईचा आवाज. "चला आता."

प्राचीनं पुन्हा बटण दाबलं, आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

तिनं गाडी पळवली नाही. का, ते तिला आजही नीट सांगता येत नाही. मागे माणसं बसली आहेत, त्यांना धक्के बसतील, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं दुसरा गिअर टाकला आणि खड्डे चुकवत, वळणं अलगद घेत ती वर निघाली. पाच मिनिटं होऊन गेली. सहा झाली. तंबू आला. अमृत हात हलवत होता, बाळासाहेब घड्याळ धरून उभे होते. ती थांबली नाही. त्यांना ओलांडून ती तशीच चढाला लागली.

त्या दोघांनी गाडी पाठमोरी पाहिली. मागची चाकं पत्र्याला टेकायच्या बेतात आली होती, आणि कोरड्या धुळीवर गाडीमागे पाण्याची धार सांडत चालली होती. बाळासाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं.

अर्ध्या किलोमीटरवर नवं गावठाण. पंधरावीस घरं, एक हापसा, समोर कडुलिंब. बायडाबाई आपल्या अंगणात पदर डोक्यावर घेऊन उभी होती, कुणी यायचं असावं तशी. प्राचीनं लिंबाखाली गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून समोर बघत राहिली.

गाडी मागून वर उचलली गेली. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी जरा सावकाश, म्हातारं माणूस उतरावं तशी. मग चौथ्यांदा. वास विरला. काचा निवळल्या.

बायडाबाईची नजर गाडीपासून हळूहळू सरकत पलीकडच्या पडक्या ओट्याकडे गेली. भिकाचं ते घर बांधून तसंच राहिलेलं, कुणी राहायलाच आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं ती गाडीच्या खिडकीपाशी आली.

"किती उतरली गं?"

"चार…" प्राचीच्या तोंडून कसंबसं निघालं.

बायडाबाईनं मागच्या काचेकडे पाहिलं. "पाच व्हती." मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "धाकली निजली आसंल. दमलं आसंल लेकरू."

प्राची दिवस मावळायच्या आत खाली आली. अमृतनं गाडी काट्यांवर घेतली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. बाराशे अठ्ठावन्न. अठरा किलो जादा.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. बाळासाहेब मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शनिवारी तूच चालव."

शनिवारी ती तिसरी आली. एकाही वळणाला पाय उचलला नाही, आणि तरी गाडी इतकी अलगद चालवली, की बघणाऱ्यांना नवल वाटलं. रॅली झाल्यावर अमृतनं गाडी पार सांगाड्यापर्यंत उघडली. एकेक भाग वेगळा तोलला. बेरीज बरोबर यायची, किलोचाही फरक नाही. जोडून काट्यावर घेतली की पुन्हा अठरा किलो जादा. प्राची दोनदा ती गाडी घेऊन गावठाणात जाऊन आली. लिंबाखाली तास तास उभी राहिली. बायडाबाईनं मागचं दार उघडून लाडीगोडीनं हाका मारल्या. गाडी हलली नाही.

जादा वजनाला नियमाची आडकाठी नाही, त्यामुळे ती अजून तीच गाडी चालवते. मागे एक जाड घडी घातलेली गोधडी असते. तपासणीला कुणी विचारलं तर अमृत सांगतो, आवाज कमी व्हायला ठेवलीय.

त्या मंगळवाराला आता दोन वर्षं होऊन गेली. दर स्पर्धेआधी अमृत गाडी तोलतो आणि जादा वजनाचा आकडा न बोलता प्राचीला दाखवतो. पहिल्या दिवाळीत तो एकोणीस होता. पुढच्या मे महिन्यात साडेवीस. परवा तेवीस भरला.