पितळेवर निजलेला

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथूनच परत फिरावं, मला कुणाच्या पाया पडायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो योगेंद्र माझा मावसभाऊ. सुरतेत भेस्तानला दोन खोल्यांत राहतो. आणि भुतं फक्त रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी नीट ऐका... रविवारची भर दुपार होती. गल्लीत भाजीवाला ओरडत होता.

योगेंद्रने लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यातली नोकरी नुकतीच सोडलेली. लखनच्या शब्दावर. लखन त्याच्याच गावचा, शिरपूरकडचा, त्याच खात्यात कामाला. दोघं एकाच गाडीने सुरतेला आलेले, एका डब्यात जेवलेले. त्याने आपलं छोटं सीएनसी मशीन योगेंद्रला दिलं. कॉम्प्युटरवर नक्षी द्यायची, मशीन ती कोरून देतं.

"दारावरच्या पितळी पाट्या बनव, भाऊ. शेठच्या शिव्या बंद."

हे चाललं नाही तर पुन्हा लूम. योगेंद्रला तेवढंच नको होतं.

त्याने मशीन जोडलं. मोटारी जुळवल्या, स्क्रू आवळले. मशीनच्या बेडवर, म्हणजे खालच्या सपाट पाटावर, पितळेचा पत्रा बसवला. बेड तो केवढा? आडवं पडलेल्या माणसाचं डोकं मावेल एवढा.

मग मशीनला पत्र्याची उंची दाखवायची असते. पत्र्याला वायरचा चिमटा लावतात. कोरायचं बिट हळूहळू खाली येतं. धातूला टेकलं की आपोआप थांबतं.

बिट खाली आलं...

आणि हवेतच थांबलं.

पत्रा अजून दोन बोटं खाली होता.

त्याने वायर तपासली. बिट बदललं. परत तेच.

"झालं का हो?" बायको जयश्रीने आतून विचारलं.

"बघतोय."

"कालपासून बघताय. मला बघायला आलात तेव्हा पाच मिनिटांत उठला होतात."

योगेंद्र हसला. मग त्याने चिमटाच काढून टाकला. आता बिटाला थांबवणारं काही उरलंच नव्हतं. एक हात स्विचवर ठेवून त्याने बिट खाली सोडलं.

ते थांबलं... तिथंच.

आता हसू गेलं.

मशीनला एक सोय असते. ते पत्र्यावर शेकडो ठिकाणी टेकून बघतं आणि चढउताराचा नकाशा स्क्रीनवर काढतं. योगेंद्रने ती सोय चालू केली.

टक्... टक्... टक्...

ठिपक्याशेजारी ठिपका उमटत गेला. आधी एक लांबट उंचवटा. त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. खाली एक चीर.

नाक. डोळे. ओठ.

बेडवर कुणीतरी उताणं निजलं होतं.

योगेंद्रने लखनला फोन केला. काय दिसलं ते सांगितलं नाही. फक्त "ये" म्हणाला.

लखन आला. दारातूनच म्हणाला, "काय व्हयनं रे?"

"बिट खाली जात नाही."

"धूळ असेल."

"मग पत्र्यावर हात ठेव."

"कशाला?"

"ठेव ना. धूळच आहे ना?"

लखनने हात खिशात घातला.

"लखन, हात ठेव."

लखन मशीनकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता. तसाच हळूच बोलला...

"तुन्हाकडेबी निजस का तो?"

तुझ्याकडेही निजतो का तो! म्हणजे याला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

"कोण आहे?"

"तुन्ही आन, माले माहीत नही. ज्याने मला मशीन दिलं, तोही बोलला नव्हता."

"मग मलाच का दिलंस?"

"दुसऱ्याने चालवून बघितल्याशिवाय नेलं नसतं." लखन चपला घालत म्हणाला. "तू नेलंस."

एवढं बोलून तो गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही हरामखोराने.

योगेंद्र मशीनकडे वळला. त्याने पुन्हा नकाशा काढला.

टक्... टक्... टक्...

सपाट.

इकडून तिकडे, साफ सपाट. नाक नाही, ओठ नाहीत.

निजलेला उठला होता.

त्या दिवसापासून मशीन बंद आहे. जयश्री म्हणते, गेला ना, आता चालवा. योगेंद्र म्हणतो, तो परत निजायला आला आणि बिट खाली असलं तर? शेवटी योगेंद्र पुन्हा लूमवर गेला. लखनशेजारच्याच लाइनीत.

खात्यात माग एवढे धडधडतात की बोलणं ऐकू येत नाही. कामगार खुणांनीच बोलतात. रोज एकदा लखन त्याच्याकडे बघतो. गालाखाली तळवा धरतो, मान कलती करतो आणि भुवया उडवतो.

निजलाय का?

योगेंद्र तोंड फिरवतो.

गेल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "अरे, सांगून तरी टाक त्याला. तो निजलेला उठून गेला, आणि लखनच्या पाठोपाठच गेला."

योगेंद्र चहा फुंकत राहिला.

"त्याने मला सांगितलं होतं का?"

मी विषय सोडला. पण लखन गेले काही दिवस मान एकाच बाजूला कलती ठेवून चालतो... खांद्यावर कुणी डोकं टेकवल्यासारखी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.