बीदरमध्ये एवढे उंट काऊन?

“बीदरमध्ये एवढे उंट काऊन?”

समीक्षाला हे मनातल्या मनात म्हणायचं होतं, पण ते चांगलं खणखणीत बाहेर पडलं. गोंदियातल्या भैयाजींच्या सायबर कॅफेतली सगळी डोकी वळली. शेजारच्या खुर्चीतला तरुण तर दचकलाच.

त्याच्या लॅपटॉपवर एक शहर होतं. पिवळी वाळू, कांद्यासारखे घुमट आणि गल्लीगल्लीत रवंथ करत बसलेले उंट.

“हे बीदर आहे ते... तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारलं.

“कळायचं काय त्यात? महिनाभर याच उंटांवर मेल लिहून राहिली मी! पंधराव्या शतकात बीदरला उंट असतील दोनचार, ओझी वाहायला. पण वाळू? तिथली माती लाल आहे हो, लालभडक! हे वाळवंट कोणी आणलं?”

तो खुर्चीतच जरा मागे सरकला. “तुम्ही... डॉक्टर एस. मेश्राम?”

“हो.”

“मले वाटलं होतं, कोणी टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे सर असतील.”

“आणि तुम्ही कोण?”

“मी... ते वाळवंट आणणारा.” तो ओशाळून हसला. “तिलक रहांगडाले. तिरोड्याजवळचा.”

समीक्षाने कपाळाला हात लावला.

दोन हजार बाराचा नोव्हेंबर होता. पुण्यातली एक कंपनी बहमनी काळातल्या बीदरवर व्हिडिओ गेम बनवत होती. घोड्यांचा एक तरुण व्यापारी हरवलेल्या भावाला त्या शहरात शोधतो, असा खेळ. तिलक ते शहर चितारायचा. समीक्षा त्या खेळाची इतिहास सल्लागार. दख्खनच्या सुलतानांच्या काळातल्या शहरांवर तिने हैदराबादला पीएच. डी. केली होती. लोक काय नेसत, काय खात, बाजारात कोणकोणत्या भाषा कानावर पडत, हे ती कधी संग्रहालयांना सांगायची, कधी गेमवाल्यांना. संग्रहालयं निदान ऐकून घ्यायची.

वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती गोंदियाजवळच्या मुर्रीला घरी आली होती. तो धानाच्या कापणीसाठी आला होता. दोघांच्याही घरी इंटरनेटची बोंब, म्हणून दोघंही भैयाजींकडे.

“माझ्या एवढ्या मोठ्या मोठ्या मेल तुम्ही वाचल्याच नाहीत?” तिने विचारलं.

“मॅनेजर साहेबांकडून माझ्यापर्यंत एकच वाक्य येत होतं.”

“कोणतं?”

“मॅडम नाराज आहेत.”

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशीपासून ती शेजारची खुर्ची ओढून बसू लागली. सरळ त्यालाच सांगावं, मधला माणूसच नको. वाळू गेली, लाल माती आली. उंट कमी झाले. पण रोज नवीन काहीतरी निघायचंच.

“या सगळ्यांच्या तोंडाला फडकी कायले बांधली? दरोडा टाकायला निघाले का हे?”

“मुसलमानी शहर म्हटलं तर... मले वाटलं...”

“गोंदियात मुसलमान नाहीत का? बाजारातला शिंपी फडकं बांधून बसतो? अरे, यातला कोणी विणकर असेल, कोणी हकीम. कोणी नुसता भाजी घेऊन घरी चालला असेल, बायको वाट पाहून राहिली म्हणून!”

“मॅडम, तुम्ही चिडल्या की आपल्या इकडच्या झाडीबोलीत येता,” तो हळूच म्हणाला. “मस्त वाटते.”

समीक्षाने स्क्रीनकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं असतं, तर चिडणं जमलं नसतं.

तो पोवार समाजातला. घरी पोवारी बोली, गोंदियात हिंदी, पुण्यात तिसरंच काही, आणि तिच्यासमोर बहुतेक वेळ गप्प. त्याचं ते अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिच्या अगदी डोक्यात जायचं. चहाच्या टपरीवर तो तिच्या ग्लासावर बशी झाकून ठेवायचा, पण “थांबता का थोडं?” एवढं म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही.

“फारसी कायले शिकल्या तुम्ही?” एकदा त्याने विचारलं.

“आईही हेच विचारते. आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, मुलगी पाली शिकेल. मीही नाव नोंदवायलाच गेले होते. बाजूच्या खोलीत एक म्हातारे सर एका बाजाराचं फारसी वर्णन वाचून अर्थ सांगत होते... कापडाचे गठ्ठे, खरबुजं, भांडणं. मी दारातच उभी राहिले.” ती थांबली. “पाचशे वर्षांपूर्वीची माणसं खरबुजाच्या दरावरून भांडत होती, अगदी आपल्यासारखी. मग परत फिरताच आलं नाही.”

तिलक तिच्याकडे पाहत राहिला. “समीक्षा...” पहिल्यांदाच नुसतं नाव.

“हं?”

“काही नाही... चहा थंड होऊन राहिला.”

तिने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

आणि मग ती फरशी आली.

तिलकने मोठ्या कौतुकाने राजवाड्याचं दालन दाखवलं. निळ्यापांढऱ्या फरशीवर सुंदर वळणदार नक्षी होती, आणि त्या नक्षीवर दोन शिपायांची लढाई चालली होती. समीक्षा वाकली. तिचे ओठ हलले.

“ही नक्षी कुठून घेतली?”

“नेटवर एका भिंतीचा फोटो होता. काऊन?”

“ही नक्षी नाही, तिलक. हे कुराणातलं वचन आहे. भिंतीवर, वर, मानाने लिहिलेलं. आणि तू ते पायाखाली टाकलंस.”

त्याचा चेहरा उतरला. “मले वाचता येत नाही, समीक्षा. खरंच...”

“माहीत आहे. म्हणून तर मी आहे.”

तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला आणि तिलकही ऐकतोय असं सांगून स्पीकर चालू केला. फरशी जवळजवळ प्रत्येक दालनात होती, आणि सोमवारी खेळाचा नमुना परदेशी कंपनीला दाखवायचा होता. “मॅडम, कोण वाचतं एवढं?” मॅनेजर म्हणाले.

“वाचता येणारे वाचतात. बदलणार नसाल तर माझं नाव काढा.”

“बरं, काढतो. तिलक, तू तेच ठेव.”

समीक्षाने तिलककडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. फोन बंद झाला.

“तोंडात काय कोंडा भरला होता?” तिचा आवाज फुटला. “एक शब्द! एक शब्द बोलवला नाही तुझ्याच्याने?”

ती पर्स उचलून निघून गेली. भैयाजी पैशांसाठी हाक मारायचंही विसरले.

नंतर तिलक कॅफेत फिरकलाच नाही. ती मात्र रोज जायची, आपलं काम आहे असं स्वतःलाच बजावत. रिकाम्या खुर्चीकडे बघून चिडायची. फरशीसाठी चिडायची, आणि त्याची आठवण येते म्हणून दुप्पट चिडायची.

रविवारी दुपारी मुर्रीच्या घरासमोर मोटारसायकल थांबली. दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले... तिलक. त्याने आत येऊन लॅपटॉप उघडला. दालनात साधी, षटकोनी फरशी होती. ते वचन वर भिंतीवर गेलं होतं, हात पोचणार नाही अशा उंचीवर.

“सगळी दालनं केली. साहेबांना सांगितलं, जुनी फरशी ठेवली तर माझंही नाव काढा, आणि मलेही काढा. ते लय बोलले. पुढच्या गेममध्ये मी नाही. पण उद्या हीच फरशी दाखवणार.”

समीक्षा स्क्रीनजवळ वाकून ते वचन पुन्हा वाचू लागली. आतून तिची आई, कलाबाई, पाणी घेऊन आल्या.

“आडनाव काय तुझं, बाबू?”

“रहांगडाले, काकू.”

“म्हणजे पोवार.” त्यांनी त्याला निरखून पाहिलं. “आम्ही बौद्ध आहोत. तुझ्या घरी माहीत आहे, तू इथं आला ते?”

“सांगूनच आलो. आईले सांगितलं, बाबूजींनाही सांगितलं, की मले... समीक्षासोबत लगन करायचं आहे.”

“काय?” समीक्षा ओरडली. “साऱ्या गावाले सांगितलं आणि मले? मले कोण सांगेल?”

“तुमची भीती वाटते...”

“तिलक!”

“प्रेम आहे माझं तुझ्यावर,” तो एका दमात म्हणाला. त्याचं आयुष्यातलं हे पहिलंच पूर्ण वाक्य असावं. “करशील का लगन?”

“करीन! हे विचारायले एवढे दिवस लागतात का, माणसा?”

कलाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

त्याची आई, रामकलीबाई, पुढच्याच महिन्यात मुर्रीला येऊन जेवून गेल्या. वडील रामलाल मात्र वर्षभर मुलाशी धड बोलले नाहीत. नोंदणी विवाहाच्या दिवशीही ते येतील असं कोणालाच वाटत नव्हतं. ते आले, सह्या झाल्यावर. बाहेरच्या बाकावर एकटेच बसले. समीक्षा जवळ जाऊन उभी राहिली.

“बेटी,” त्यांनी घसा खाकरला, “तुमच्या त्या बीदरात धान होत होता का?”

“नाही, बाबूजी. तिकडे ज्वारी. भात दरबारात शिजायचा, सुलतानासाठी.”

रामलाल विचारात पडले. मग सरकून त्यांनी बाकावर तिच्यासाठी जागा केली.

“म्हणजे आपून,” ते म्हणाले, “रोजच सुलतानाचं जेवण जेवून राहिलो.”