जागीरदारांची सही

मोबाईल ठेवा खाली, मग सांगतो. मधी कुणी हसायचं न्हाई. ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, सटवाजीची. चाकूरजवळच्या एका गावात तो कोतवाल होता, सरकारी कागद घेऊन दारोदार फिरायचा. खोटं बोलायचं म्हणलं तरी त्याला जमत नव्हतं.

उस्मानाबादातून फुटून लातूर जिल्हा नवा झाल्याला तिसरा उन्हाळा असंल. दोन वर्षं पाऊस न्हाई. माझी धाकटी बहीण सरजाबाई, म्हणजे सटवाजीची बायको, दीड कोसावरून पाणी आणायची, अन् पोटात आठ महिन्यांचं लेकरू. पाणी बघणाऱ्या साहेबांनी सगळं शिवार पालथं घालून बोअरला एकच जागा दाखवली. ती निघाली गुरुपादप्पा जागीरदारांच्या शेतात.

जागीर तर पुलिस अ‍ॅक्शननंतर, निजामासंगंच गेली होती. राहिले चाळीस एकर अन् तेवढा एक शब्द. बोअरला त्यांच्या सहीचा संमतीचा कागद लागायचा. म्हातारा म्हणायचा, पाणी खुशाल घ्या, पण कागदावर माझ्या नावामागं ‘जागीरदार’ लिहून आणा. सात पिढ्यांची सनद हाय, अंगठा लावणाऱ्या कुळांत मला बसवू नका. लातूरचा कारकून म्हणायचा, असला शब्द आता सरकारात न्हाई, उस्मानाबादहून जुना दाखला आणा. उस्मानाबादवाले म्हणायचे, दप्तर लातूरला गेलं. चार खेपा झाल्या. सटवाजी पार बेजार झाला. मी असतो तर कागद फाडून म्हाताऱ्याच्या अन् कारकुनाच्या तोंडावर फेकला असता.

चैत्र वद्य अष्टमी, सोमवार. मंगळवारी सकाळी बोअरची गाडी येणार होती. कागद नसला तर ती तशीच पुढच्या गावाला जाणार. सटवाजी पहाटेच लातूरला गेला अन् होता तोच कागद घेऊन परत आला. रात्री साडेआठला चाकूरला यष्टीतून उतरला अन् पायी निघाला. चांद उगवायला लई अवकाश होता.

जागीरदारांच्या शेताशी आला तर बोअरच्या जागेवर कुणीतरी बसलेलं. त्यानं बॅटरी मारली. जागीरदारच. मांडी घातलेली, कपाळावर विभूती.

सटवाजीचा एवढ्या दिवसांचा राग उफाळून आला. म्हणाला, “मालक, लिहीत न्हाईत ते. मेलो तरी लिहिणार न्हाईत. परवा बायको हंड्यासकट पडली माझी. आता तुमीच सांगा, काय करू मी?”

एरवी म्हातारा खेकसला असता. त्या रात्री...

नुसता हात पुढं केला.

सटवाजीनं कागद दिला. खिशात पेन चाचपलं. पेन काढीस्तोवर कागद परत हातात आला. गारठलेला. बॅटरी विझली... त्यानं ठोकली... लागली.

समोर कुणी न्हाई. मातीचा ढीग. नवा. वर बेलाची पानं.

तो पळतच गावात आला. जागीरदारांच्या ओट्यावर माणसं बसलेली. त्यांचा मुलगा चंद्रप्पा कंदील घेऊन उठला. त्याच्याकडून कळलं, आप्पा सकाळी अकरालाच गेले. त्यांच्या लिंगायत रीतीनं दिवस मावळायच्या आत बसवून माती दिली. अन् कुठं, तर पाण्याच्या जागेवरच. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं म्हणे. बघा आता, मेल्यावरबी जागा सोडली न्हाई.

सटवाजीनं कागद कंदिलापुढं धरला. सहीच्या जागी अंगठा होता. काळ्या ओल्या मातीचा.

चंद्रप्पानं कंदील कागदाजवळ नेला. मग म्हणाला, “सटवाजी, आप्पांनी पाणी दिलं रे. पर आता बापाच्या समाधीवर मशीन कशी लावू?”

सकाळी गाडी आली, तासभर थांबली अन् गेली. सटवाजी वेशीत बसून रडला. आमची सरजाबाई हंडा घेऊन परत त्याच वाटंनं गेली. अजून आठवलं की डोकं तापतं माझं.

समाधीसाठी पुरुषभर खणलं तरी तिथं नुसता कोरडा फुफाटा निघाला होता, खणणाऱ्यांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सरजाबाईनं कोनाड्यातून तो कागद काढला. अंगठा अजून ओलाच होता. तिच्या बोटाला चिखल लागला.