घर बंद, परत येऊ

बेल वाजली तेव्हा आम्रपाली स्वयंपाकघरात होती. दार अकरा पावलांवर. तुम्हाआम्हाला अकरा पावलं हो. तिला वॉकर उचला, टेकवा, पाय ओढा, असं करत चांगली तीन-चार मिनिटं. "आले, आले!" करत ती पोचली तर बाहेर चिटपाखरू नाही. कडीला इंटरनेटवाल्याची चिठ्ठी: 'घर बंद. परत येऊ.'

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिला चीड आली, रडूही आलं. दोन महिन्यांपूर्वी टेम्पोने स्कूटी उडवली आणि मांडीत सळई बसली. आता बाबा फॅक्टरीत, आई शाळेत शिकवायला, आणि खडकीच्या क्वार्टरमध्ये ही एकटी. तिच्या कंपनीने बजावलं होतं, सोमवारपर्यंत घरी इंटरनेट आलं तर घरून काम कर, नाहीतर प्रोजेक्ट दुसऱ्याला.

"दार उघडं ठेवून जाते," आई म्हणाली.

"नको. दार मीच उघडणार."

हट्टच म्हणा. पण आंघोळीपासून सगळं दुसऱ्याच्या हातून करून घेतल्यावर माणसाला एवढं तरी स्वतःचं हवं असतं.

शुक्रवारी बेल वाजताच ती ओरडली, "हलायचं नाही! घर बंद नाहीये, मी हळू चालते!"

बाहेरून आवाज आला, "बरं... किती हळू?"

"मोजा!"

दार उघडलं. खांद्यावर वायरचं वेटोळं घेतलेला एक तरुण उभा होता. "दोनशे बारा," तो म्हणाला. मग वॉकर दिसला आणि त्याचा चेहरा पडला. "आधीच्या चिठ्ठ्या माझ्याच. वीसपर्यंत थांबतो मी. आमच्या कसब्यात बेलच्या आधीच दार उघडून 'काय काम आहे?' विचारतात."

"तुमचं नाव?"

"दिगंबर."

"दिगंबर, मी तुम्हाला दोन दिवस मनापासून शिव्या घातल्यात."

"लागल्या," तो म्हणाला. "काल पंक्चर झालं."

शोकेसमधल्या बुद्धमूर्तीशेजारी त्याने मोडेम बसवला. सही करताना तिचं पेन पडलं. "उचलू?" त्याने विचारलं. "नको," म्हटल्यावर त्याने खरंच उचललं नाही! ती वाकली, धडपडली, पेन घेतलं, आणि तो शांतपणे उभा राहिला. घरातल्या कुणालाही हे जमलं नव्हतं.

पुढे लाइन दोनदा गेली. नंतर काहीच बिघडेना, तरी दर शुक्रवारी स्वारी 'तपासायला' हजर. दार उघडलं की आकडा सांगायचा. एकशे साठ. नव्वद.

"टक्केवारी घसरतेय," तो म्हणायचा.

"अहो, पाय सुधारतोय!"

वॉकर गेला, काठी आली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून ऑफिसला जा. याच दिवसासाठी तिने दात-ओठ खाऊन व्यायाम केला होता. आणि आता... शुक्रवारी घरात कुणी नसणार. मग दिगंबर कुणासाठी थांबणार?

शेवटच्या शुक्रवारी बेल वाजली. मुद्दाम हळू चालावं, असं क्षणभर वाटलं तिला. पण पाय ऐकेनात. तिने दार उघडलं तर दिगंबर इस्त्रीच्या शर्टात, वायरबियर काही नाही, ओठ मात्र पुटपुटताहेत.

"एकोणतीस?" तो दचकला. "एवढ्या लवकर?"

"वाईट वाटलं?"

"तसं नाही हो... तुम्ही येईपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो. अर्ध्यावरच आलात."

"अर्धं काय जुळलंय?"

"परवा फोनवर म्हणालात, सोमवारपासून तुम्ही घरी नसणार. ते मला... अजिबात आवडलेलं नाही."

"आणि पुढचं अर्धं?"

तो शर्टाची बाही सारखी करू लागला.

आम्रपालीने दार लावून घेतलं.

"मोजा," ती आतून म्हणाली. "दोनशेपर्यंत वेळ देते. चिठ्ठी लावून पळालात तर बघा!"

काठी भिंतीला टेकवून ती तिथेच उभी राहिली, हात कडीवर. बाहेर मोजणं सुरू झालं. पाच... सहा... सात...

"आम्रपाली, माझ्याशी लग्न कराल?"

आठ म्हणायची वेळच आली नाही. दार उघडलं होतं.